उथळ बाजू

डिचोलीहून सहाची बस, उतरायचं म्हापशाला.
पिशवीत टॉवेल, शिट्टी,
कागदात पदेराकडचे दोन उंडे.
वय एक्कावन्न. दूध सोसायटीत हिशेबनीस.
फॉर्मवर लिहिलं : पोहता येतं – होय.
कधीपासून – आठवत नाही.

खरं तर आठवतं.
कमरेला सुक्या नारळांची जोडी बांधून
शांबामामाने देवळाच्या तळीत ढकललं होतं.
वर आलो तेव्हा पोहता येत होतं.
मामाच्या लेखी शिकवणं एवढंच,
एक ढकलणारा हात आणि काठावरचं हसू.

पहिल्याच दिवशी ओलाविनो सर म्हणाले,
"पाय कसे मारता ते सांगा.
मारून दाखवू नका. सांगा."
मी तोंड उघडलं.
चाळीस वर्षं ज्या पायांनी नदी ओलांडली
त्यांच्याविषयी माझ्याकडे एक वाक्य नव्हतं.

मग वही आली. निळी शाई, पाण्याने फुटलेली :
गुडघ्यातून नव्हे, कमरेपासून.
श्वास घ्यायला नंतर शिकवा, आधी सोडायला.
बुडणारा माणूस ओरडत नाही.
त्याला आधी काठी द्या, मग दोर,
स्वतःला अगदी शेवटी.
मुलाला हात लावण्याआधी विचारा.
हे मी दोनदा लिहिलं.
शांबामामा, तुला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

एका सकाळी सरांनी आमच्या टोप्या डोळ्यांवर ओढल्या
आणि उलटं चालत पाण्यात उतरायला लावलं,
कठडा न धरता.
तिसऱ्या पायरीला पाणी पोटरीवर चढलं
आणि मला, मला, भीती वाटली.
गार, लोखंडी, सहा वर्षांची.
म्हणजे ती गेली नव्हती कुठे,
मी तिच्यावरून पोहत होतो इतकंच.
"जपून ठेवा," सर म्हणाले. "शिकवायला हीच लागते."

परतीच्या वाटेवर चढणीला बस मंदावते
तिथे बंद खाणीचा खड्डा.
खनिज गेलं, ट्रक गेले, हिरवं पाणी राहिलं.
किती खोल, पंचायतीलाही ठाऊक नाही.
कुंपणाच्या तारेवर पोरांचे शर्ट लटकतात.
मी खिडकीतून शर्ट मोजतो, मग पाण्यातली डोकी.
जमा-खर्च जुळला तरच मान वळवतो.

परीक्षेत रबरी पुतळा तळातून वर काढला,
तीस दाब, दोन श्वास, मोठ्याने मोजत.
ते सोपं गेलं.
अवघड होती उर्वी च्यारी, वय आठ,
कठड्याला शेवाळासारखी चिकटलेली.
"हात लावू?"
"नाका."
परीक्षकांच्या हातात घड्याळ. वीस मिनिटं.
मी कमरेएवढ्या पाण्यात नुसता उभा.
कुठूनसं एक पान तरंगत आलं.
मी फुंकलं, तिच्याकडे गेलं.
तिने फुंकलं, जरासं हललं.
आणखी वाकली. हनुवटी ओली, मग ओठ,
मग पाण्याखाली तिचा पहिला बुडबुडा,
आणि माझ्या मनगटावर आपणहून ठेवलेलं
एक बोट.
वेळ संपली.
एक हातभरही पोहली नाही ती.
कागदावर शेरा : धडा अपूर्ण. शिक्षक उत्तीर्ण.

आता दर रविवारी मी उथळ बाजूला उभा असतो,
बोटांना सुरकुत्या पडेपर्यंत.
पगार नाही; सोसायटीत हसतात.
स्वतः पोहून तीन महिने झाले.

काल चढणीवर उतरलो.
गळ्यातली शिट्टी पाहून पोरांना वाटलं, पोलीस.
शर्ट ओढून पळाली सगळी.
तारेवर एक राहिला.
पाण्यात शून्य. पुन्हा मोजलं, शून्य.
तरी बसून राहिलो, शर्ट मांडीवर घेऊन,
किंचित अंधारेपर्यंत.
मग करवंदीच्या जाळीमागून एक उघडा पोरगा.
"काका, म्हजें खमीस."
"देतो," म्हटलं. "आधी सांग, पाय कसे मारतोस?
मारून दाखवू नकोस. सांग."
त्याने तोंड उघडलं.